तंबाखू सुटली, पण दारू?

तोंडाच्या कॅन्सरचं निदान झालं की तंबाखूची डबी सगळ्यांच्या देखत फेकली जाते. कपाटातल्या बाटलीबद्दल मात्र घरात कुणी चकार शब्द काढत नाही. हे मौन किती महाग पडतं, ते काशीच्या ब्रह्मा घाटावरच्या एका मराठी घराने अनुभवलं आहे.

मामांनी आपला पितळी पानाचा डबा गंगेत सोडला, ती संध्याकाळ मामीला अजून लख्ख आठवते. २०२३ चा जून महिना होता. सकाळीच तपासणीचा कागद हातात पडला होता. उजव्या गालाच्या आतली, तीन महिने भरत नसलेली जखम कॅन्सरची आहे असं त्यावर लिहिलं होतं. संध्याकाळी मामा ब्रह्मा घाटाच्या पायऱ्या उतरून अगदी खाली गेले आणि चुन्याची डबी, अडकित्ता, जर्द्याची पुडी, सगळा संसार त्यांनी पाण्याच्या स्वाधीन केला. ओळखीची चार माणसं तिथे बसलेली होती. त्यांच्यातल्या कुणीतरी "हर हर महादेव" म्हटलं. चाळीस वर्षांची सवय एका क्षणात सुटली म्हणून सगळ्यांना भरून आलं.

"खरंच सुटली हो," मामी सांगते. "त्या दिवसापासून ह्यांनी पानाला हात लावला नाही. पण त्या रात्रीही ते मागच्या खोलीत गेलेच. काचेच्या पेल्याचा आवाज आला. मी म्हटलं, आज तरी कसं अडवायचं? एवढी मोठी बातमी आली आहे. घेऊ दे."

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. आजोबा भिक्षुक होते. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचं सगळं त्यांच्याकडे असायचं. मामांनी मात्र सरकारी नोकरी केली आणि निवृत्त झाले. पंचगंगा, दुर्गा घाट, ब्रह्मा घाट हा काशीतला जुना मराठी भाग. बिंदुमाधवाचं देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं, दुर्गा घाटावर नाना फडणवीसांचा वाडा. गणपतीत इथल्या आरत्या मराठीतच होतात. बाहेर बनारसी बोली आणि घरात थोडी जुन्या वळणाची मराठी, असं इथलं जगणं आहे. अशा घरांत पानाचं कौतुक असतं. भांगेकडेही काणाडोळा केला जातो. दारू मात्र नसते. नसते म्हणजे ती कुणी पाहिलेली नसते.

मामा रोज रात्री एक क्वार्टर घेत. धुतल्या धोतरांच्या थप्पीमागे ती ठेवलेली असे. मामीला ठाऊक होतं, दादाला म्हणजे माझ्या मामेभावाला ठाऊक होतं. मला मात्र माहीत नव्हतं, इतक्या शिताफीने घर हे सांभाळत होतं.

रकान्यात लिहिलं "नाही"

जुलैमध्ये शस्त्रक्रिया ठरली. दाखल होताना नेहमीप्रमाणे एक फॉर्म भरावा लागला. तंबाखूच्या रकान्यात दादाने लिहिलं: होती, बंद केली. दारूच्या रकान्यात लिहिलं: नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तोंडीही विचारलं. मामा खाली पाहत राहिले, मामीने पदर सावरला आणि दादा पुन्हा म्हणाला, "नाही."

तो खोटारडा मुलगा नाही. बापाची अब्रू राखत होता. आपल्यापैकी किती जण त्याच्या जागी वेगळं बोलले असते?

शस्त्रक्रिया उत्तम झाली. गालाचा आतला भाग, जबड्याच्या हाडाचा थोडा भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या. छातीवरचं मांस-कातडं फिरवून गालाला आतून अस्तर लावलं. नाकातून अन्नाची नळी आणि गळ्याला श्वासाची नळी असल्यामुळे मामांना बोलता येत नव्हतं. दुसरा दिवस शांत गेला. तिसऱ्या रात्री मामांचे हात थरथरू लागले. अंगाला घाम सुटला. ते चादरीवरून काहीतरी वेचून टाकू लागले. मग पाय वर ओढून घेऊन जमिनीकडे बोट दाखवू लागले. घाबरलेले डोळे, पाय पोटाशी, आणि बोट सारखं खाली. नर्सला काही उमजेना. मामीला मात्र लगेच कळलं. पावसाळ्यात गंगा चढते, एकेक पायरी करत गल्लीपर्यंत येते. मामांना खोलीत पुराचं पाणी शिरलेलं दिसत होतं.

पहाटे त्यांनी नाकातली नळी उपसून काढली. गळ्याच्या नळीकडे हात गेला तेव्हा तिघांनी त्यांना धरलं. टाके ताणले गेले, रक्त आलं.

डॉक्टरांनी मामीला बाहेर नेलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "माताजी, सच बताइए. पीते हैं?"

मामी सांगते, "मी दादाकडे पाहिलं नाही. म्हटलं, हो, रोज. वीस वर्षं. तेवढं म्हटलं आणि तिथेच बाकावर बसले."

दारू अचानक तुटली की

डॉक्टरांनी त्या दिवशी घरच्यांना जे समजावलं, ते प्रत्येक घराला माहीत असायला हवं. रोज भरपूर पिणाऱ्याच्या मेंदूला दारूच्या गुंगीची सवय झालेली असते. त्या गुंगीला तोंड देण्यासाठी मेंदू सतत जादा जोर लावत असतो. दारू एकदम थांबली की दाब निघून जातो, पण हा जोर तसाच राहतो. सहा तासांपासून पुढे थरथर, घाम, बेचैनी आणि झोप उडणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवस उलटल्यावर काही रुग्णांना भ्रम होतो. नसलेल्या मुंग्या, माणसं, पाणी दिसू लागतं. नाडी आणि रक्तदाब वाढतात. वेळीच उपचार झाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो.

हिशोबही समजून घेऊ. व्हिस्की-रमचा ३० मिलिलिटरचा एक छोटा पेग म्हणजे सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये असे सहा पेग. "एवढीशीच तर घेतात" असं मामी ज्याला म्हणत आली, ते रोजचं ६० ग्रॅम अल्कोहोल होतं.

हे आधी कळलं असतं तर? डॉक्टरांचं म्हणणं अगदी साधं होतं. शस्त्रक्रियेच्या आधीच दारू औषधांच्या आधाराने बंद करता आली असती. मेंदू शांत ठेवणाऱ्या गोळ्या आधी पुरेशा प्रमाणात आणि मग रोज कमी करत देतात. सोबत थायमिनची, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात, कारण सतत पिणाऱ्यांच्या शरीरात ते कमी पडतं आणि त्याने स्मृतीला कायमची इजा होऊ शकते. मामांनाही हेच उपचार दिले, पण ताणलेल्या टाक्यांवर आणि चार दिवस उशिरा. ते बचावले. गालाचं अस्तरही टिकलं. "नशीब," दादा म्हणाला. मला तो शब्द पुरेसा वाटला नाही, पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहून मी गप्प बसले.

म्हणून ज्यांच्या घरात रोज पिणारं माणूस आहे, त्यांनी कॅन्सरचं निदान झाल्याबरोबर घाबरून एका रात्रीत बाटली बंद करू नये. किती, केव्हापासून, शेवटची कधी, हे आधी डॉक्टरांना सांगावं. तंबाखूचं तसं नाही. ती त्या क्षणी सोडली तरी चिडचिड होते, झोप उडते, तलफ छळते, पण जीवाला धोका नसतो.

"तोंडाचा आणि दारूचा काय संबंध?"

हा प्रश्न मामांचाच. खरं तर तो आपल्या सगळ्यांच्याच मनात असतो. महाराष्ट्रात तोंडाच्या कॅन्सरचं नाव काढलं की तंबाखू आणि सुपारी आठवते. आर. आर. पाटील २०१५ च्या फेब्रुवारीत याच आजाराने गेले तेव्हा आबांच्या तंबाखूची चर्चा घरोघरी झाली. शरद पवारांवर २००४ मध्ये शस्त्रक्रिया झाली. आपल्या सुपारीच्या सवयीचा पश्चात्ताप त्यांनी पुढे जाहीरपणे बोलून दाखवला. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. ती कितपत पाळली जाते, ते पानटपरीवाल्यांना विचारा. सांगायचा मुद्दा असा की तंबाखूबद्दल आपण निदान बोलायला तरी शिकलो. तरीही गावोगावच्या बायका पहाटे मशेरी लावतात आणि "ही कुठे तंबाखू?" असं विचारतात, ते वेगळंच.

दारूचं काय? फ्रान्समधल्या ल्यों शहरात जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर संशोधन करणारी संस्था आहे. माणसाला निश्चितपणे कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत तिने दारूचा समावेश १९८८ सालीच केला. त्या यादीत तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका यांचा उल्लेख आहे, यकृताचाही आहे. आपल्याला फक्त यकृत माहीत असतं.

घडतं ते असं. दारू शरीरात मोडते तेव्हा ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य तयार होतं. तोंडातले जंतूही लाळेत ते तयार करतात. हे द्रव्य पेशींच्या मूळ नकाशात, म्हणजे डीएनएमध्ये, बिघाड करतं. शिवाय दारू गालाचं नाजूक अस्तर सैल करते आणि तंबाखूतली विषं आत शिरायला वाट मिळते. दोन्ही व्यसनं असणाऱ्यांचा धोका त्यामुळे नुसती बेरीज केल्यासारखा वाढत नाही, गुणाकार केल्यासारखा वाढतो.

टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधकांचा एक अभ्यास डिसेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. गालाच्या आतल्या कॅन्सरचे १८०३ रुग्ण आणि हा आजार नसलेली १९०३ माणसं यांची त्यांनी तुलना केली. दिवसाला ९ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जेमतेम एक छोटा पेग घेणाऱ्यांचाही धोका न पिणाऱ्यांच्या सुमारे दीडपट आढळला. गावठी दारूचा धोका आणखी जास्त निघाला. "मी काही बेवडा नाही, जेवणाआधी एक घेतो" असं म्हणणाऱ्या गृहस्थांना हा आकडा ऐकवायला हरकत नाही.

आणि ज्याला कॅन्सर होऊन गेला आहे, त्याचं काय? १९५३ मध्ये अमेरिकेतल्या स्लॉटर नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या कॅन्सरच्या ७८३ रुग्णांचा अभ्यास केला. गाठीच्या आजूबाजूला चांगल्या दिसणाऱ्या अस्तरातही बिघाड झालेला त्यांना आढळला. शेताची उपमा त्यांनीच दिली. वर्षानुवर्षं विष पडलेलं सगळं शेतच नासलेलं असतं, तण मात्र आधी एका जागी दिसतं. सर्जन ते तण काढतो. शेत तसंच असतं. त्यावर पुन्हा तेच ओतत राहिलं तर दुसरं तण उगवतं.

देव दीपावलीची रात्र

ऑगस्टच्या अखेरीस मामांना किरणोपचार सुरू झाले. शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवड्यांत ते सुरू व्हावे लागतात. आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. सकाळी गल्ल्यांतून चालत मैदागिनपर्यंत जायचं आणि तिथून ई-रिक्षा करायची. ब्रह्मा घाटावर दाराशी वाहन येत नाही, हे यात्रेकरूला गमतीचं वाटतं. आजारी माणसाला नाही.

तोंडाला आतून फोड आले, लाळ आटली, चव गेली. मामीने मऊ भात मिक्सरमधून काढला, नाचणीची आंबील केली, दुधात साबुदाण्याची लापशी केली. मेतकूट-भाताचा आग्रह केल्यावर मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रेमाने नव्हे, हिंगा-मोहरीने. मग तिखट, आंबट, गरम सगळं बंद. त्या दिवसांत दारूचा प्रश्नच नव्हता, थेंबानेही आग झाली असती. (बाजारातल्या काही माउथवॉशमध्येही अल्कोहोल असतं. अशा रुग्णांनी ते वापरू नयेत. मीठ आणि खाण्याच्या सोड्याचं कोमट पाणी चालतं.)

सगळ्यांना वाटलं, सुटली. न पिता चार महिने झाले म्हणजे सुटलीच की!

२७ नोव्हेंबरला देव दीपावली होती. कार्तिकी पौर्णिमेच्या त्या रात्री सगळे घाट दिव्यांनी उजळतात. मामांचा एक जुना मित्र बऱ्याच दिवसांनी आला. "बचके आए हो, आज तो बनता है," म्हणाला. मामांनी पाण्यात घोटभर घेतली. जळजळलं. दुसऱ्या दिवशी जास्त पाणी घातलं. डॉक्टरांनी तंबाखू-सुपारी नको म्हणून दहादा बजावलं होतं, आणि मामांच्या हिशोबाने ती अट ते पाळत होते. जानेवारीपर्यंत अर्धी क्वार्टर झाली. बाटली पुन्हा धोतरांमागे आली.

फेब्रुवारीच्या तपासणीत डाव्या, म्हणजे चांगल्या गालावर पांढरा चट्टा दिसला. पुसून जात नाही असा. तुकडा काढून तपासला. कॅन्सर नव्हता, पण पेशी बदलू लागल्या होत्या. तो चट्टा लेझरने काढला. या वेळी मामीने कुणी विचारायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. मामा घरी येऊन तिच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

न सांगता द्यायच्या गोळ्या

त्या दोन दिवसांत मामीने एक गोष्ट करून पाहायची ठरवली होती. ती इथे मुद्दाम लिहिते, कारण अनेक बायका ती करतात. "रुग्णाला न कळता दारू सोडवा" अशा जाहिराती रेल्वेलगतच्या भिंतींवर आणि (आपल्यासारख्यांच्याच) छापील पानांवर आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. शेजारणीने अशीच एक पुडी आणून दिली. वरणात कालवायची म्हणे.

मामीने मला फोन केला, म्हणून ते टळलं. अशा पुड्यांत काय असतं ते कुणालाच सांगता येत नाही. काहींत डायसल्फिराम असू शकतं. हे खरं औषध आहे, डॉक्टर ते देतातही, पण रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन. ते पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लालबुंद होतो, छातीत धडधडतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. ज्याला ठाऊकच नाही तो माणूस नेहमीसारखा प्यायला बसणार. हृदय किंवा यकृत कमजोर असेल तर यात मृत्यूही येऊ शकतो.

त्यापेक्षा मामा मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. आधी गेले नाहीत, मग गेले. तलफ कमी करणाऱ्या गोळ्या असतात, त्या यकृताच्या तपासण्या पाहून दिल्या जातात. पण मामांना जास्त उपयोग झाला तो गटात बसण्याचा. तिथे एक निवृत्त मास्तर होते, एक साडी विणणारा होता. "पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी खोटं बोललं नाही," असं मामा म्हणतात. तेही कुणाशी खोटं बोलले नाहीत, हे ते सांगत नाहीत.

महाराष्ट्रातल्या वाचकांना पुण्याचं मुक्तांगण माहीत असेल. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते १९८६ मध्ये सुरू केलं. व्यसन हा आजार आहे आणि घरातली माणसंही त्यात होरपळतात, ही गोष्ट मराठी घरांना समजावण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. अनिताताईंना स्वतःला कॅन्सर झाला, १९९७ मध्ये त्या गेल्या, पण काम थांबलं नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा बहुतेक शहरांत होतात आणि फी लागत नाही. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आहे, तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६. दोन्ही मोफत आहेत. काशीपुरतं बोलायचं तर कॅन्सरच्या उपचारांसाठी मुंबईला परळला धावण्याची गरज आता पुष्कळ कमी झाली आहे. टाटा मेमोरियल सेंटरने २०१८ मध्ये लहरतारा इथलं रुग्णालय हाती घेतलं आणि २०१९ मध्ये हिंदू विश्वविद्यालयाच्या परिसरात महामना मालवीयांच्या नावाचं मोठं केंद्र सुरू झालं.

सोडून फायदा होतो का, हेही मामांनी विचारलं होतं. होतो. ल्योंच्या त्याच संस्थेने २०२३ मध्ये जगभरचे अभ्यास तपासले. दारू सोडल्याने किंवा कमी केल्याने तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका घटतो, याला पुरेसा पुरावा आहे असा निष्कर्ष तिने काढला. धोका एका दिवसात उतरत नाही, त्याला वर्षं लागतात. "मग माझ्याकडे तेवढी वर्षं आहेत का?" मामांचा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर कुणी दिलं नाही.

वाट सरळ नव्हती. २०२४ च्या पितृपक्षात मामांचे धाकटे भाऊ गेले आणि मामा तीन दिवस प्यायले. चौथ्या दिवशी स्वतःच गटात गेले. त्यानंतर आजतागायत नाही. मामी अजून धोतरांची थप्पी उचलून पाहते, आणि ती पाहते हे मामांना माहीत आहे. तोंड उघडण्याच्या व्यायामासाठी ते आइस्क्रीमच्या काड्यांची चळत दातांत धरतात. सुरुवातीला नऊ काड्या जेमतेम जात होत्या, आता सतरा जातात. बोलणं थोडं बोबडं आहे. गणपतीत आरतीला ते मागे उभे राहतात, पण म्हणतात.

गेल्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मी तेव्हा तिथेच होते. पुन्हा फॉर्म आला. दादा लिहायला बसला, दारूच्या रकान्याशी थांबला आणि त्याने पेन खाली ठेवलं. मामांनी कागद ओढून घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि सावकाश लिहिलं: "होय. रोज एक क्वार्टर. सप्टेंबर २०२४ पासून बंद."

मामीने वाकून वाचलं. "एक कुठली?" ती म्हणाली. "रविवारी दीड असायची. नीट लिहा."

मामांनी "एक" खोडलं.